कमी दाबाची वीज : मागापासून धक्क्यावरच्या नौकेपर्यंत

कापडाच्या व्यापाऱ्यापुढे थान उलगडले की त्याची नजर प्रथम आडव्या पट्टीवर जाते. पट्टी दिसली की भाव पडला. कारखानदार सुताला दोष देतो, जॉबर कारीगराला देतो आणि कारीगर नशिबाला. परंतु पट्टीचा माल जर शेडमधील शेवटच्या रांगेतील मागांवरून आणि तोही संध्याकाळच्या पाळीत येत असेल, तर सुताकडे बोट दाखवण्यापूर्वी विजेचा दाब तपासावा. दाब कमी असला की थांबलेला माग पुन्हा सुरू करताना मोटर दमदार उचल घेत नाही. पहिले काही फटके कमजोर पडतात आणि त्याची खूण कापडावर राहते. मोटर जळण्याचा खर्च तर त्याहून वेगळा.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग असोत, एखादे लहान वर्कशॉप असो की कोकणच्या जेटीला लागलेली नौका असो, दुखणे एकच आहे. आपल्या बांधवांपैकी अनेकांची रोजी मोटरीवर चालते. म्हणून हा विषय वायरमनवर सोडून न देता मालकाने स्वतः समजून घ्यावा.

इस्त्री थंड, मोटर गरम

दाब म्हणजे व्होल्टेज. वीज तारेतून पुढे ढकलणारा जोर. प्रवाह म्हणजे अँपिअर. प्रत्यक्ष वाहणारी वीज. दाब कमी झाला की इस्त्री, शेगडी किंवा साधा बल्ब कमी प्रवाह घेतो. दाब दहा टक्के घटला तर इस्त्रीची शक्ती सुमारे एकोणीस टक्के घटते. काम हळू होते, पण इस्त्री बिघडत नाही.

मोटरीची गोष्ट उलटी आहे. माग किंवा पंप आपले काम कमी करून मागत नाही. त्याला लागणारी शक्ती जवळजवळ तेवढीच राहते. दाब घटला की मोटर ती शक्ती जादा प्रवाह ओढून पुरी करते. दाब दहा टक्के कमी झाला की प्रवाह साधारण अकरा टक्के वाढतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे वाइंडिंगमध्ये सुमारे तेवीस टक्के अधिक उष्णता तयार होते. वाइंडिंगच्या वार्निशबद्दल जुना ठोकताळा असा की, तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे मोटर एका दिवसात जळालेली दिसली तरी ती कित्येक महिने जळतच असते.

दुसरी बाब सुरू होण्याच्या जोराची. हा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. दाब ९० टक्के असेल तर जोर ८१ टक्के, आणि दाब ८० टक्के असेल तर जोर फक्त ६४ टक्के. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. जोर अपुरा पडला की हा मोठा प्रवाह जास्त वेळ टिकतो. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. अशा वेळी लगेच स्विच बंद करावा. "घेईल हळूहळू" म्हणून वाट पाहणे महागात पडते.

दाब पडतो कुठे?

तीन ठिकाणी पडतो. पहिले ठिकाण म्हणजे बाहेरची लाइन व ट्रान्सफॉर्मर. दुसरे आपली स्वतःची वायर. तिसरे सर्वांत फसवे, ते म्हणजे जॉइंट.

वायरीचा हिशेब सोपा आहे. तांब्याच्या दीड चौरस मिलिमीटर वायरीचा रोध एका किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम, अडीचच्या वायरीचा ७.४, चारचा ४.६ आणि सहाचा सुमारे ३.१ ओहम असतो. सिंगल फेजमध्ये वीज जाते आणि परत येते, म्हणून ५० मीटर अंतरासाठी १०० मीटर वायर धरावी. १५ अँपिअरचा भार असेल तर दीडच्या वायरीत सुमारे १८ व्होल्ट, अडीचमध्ये ११ आणि सहामध्ये साडेचार व्होल्ट पडतात. ॲल्युमिनियमची वायर असेल तर त्याच जाडीला रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. वायर घेताना वाचवलेले पैसे पुढे रोज मीटरमधून जातात, कारण पडलेला दाब वायरीत उष्णता होऊन राहतो आणि त्या उष्णतेचे बिल आपणच भरतो.

जॉइंटचे पाहा. पिळून टेप गुंडाळलेल्या एखाद्या ढिल्या जोडाचा रोध केवळ ०.२ ओहम असला तरी १५ अँपिअरला तिथे ३ व्होल्ट पडतात आणि ४५ वॅट उष्णता निघते. डाग देण्याची लहान इस्त्री एवढीच तापते. सूत आणि कापसाच्या रुईने भरलेल्या शेडमध्ये अशी तापलेली वस्तू चोवीस तास लावून ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

तीन नोंदी घ्या

परवानाधारक वायरमनला बोलावून मल्टिमीटरने तीन नोंदी घ्याव्यात. पहिली मीटरजवळ, सर्व मोटरी बंद असताना. दुसरी मीटरजवळच, सर्व मोटरी चालू असताना. तिसरी शेवटच्या मोटरीच्या स्टार्टरवर, सर्व मोटरी चालू असताना. भार नसताना शेवटच्या टोकालाही दाब पूर्ण दिसतो आणि मालक निर्धास्त होतो. म्हणून तपासणी भर कामाच्या वेळीच करावी.

समजा, थ्री फेजमध्ये पहिली नोंद ४१०, दुसरी ४०२ आणि तिसरी ३७८ आली. म्हणजे बाहेर फक्त ८ व्होल्ट पडले आणि आपल्या शेडमध्ये २४. येथे वीज कंपनीकडे तक्रार करून उपयोग नाही. दोष आपल्या वायरीत किंवा जोडात आहे. पहिलीच नोंद ३७५ असेल तर दोष बाहेरचा. पहिली ४१० आणि दुसरी ३८० आली तर येणारी सर्व्हिस वायर, तिचे जोड किंवा ट्रान्सफॉर्मर अपुरा पडतो आहे. आपला भार मंजूर भारापेक्षा जास्त तर नाही ना, हेही त्या वेळी पाहावे.

भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये अशा जोडणीसाठी सहा टक्क्यांपर्यंतच फरकाची मुभा होती. ४१५ व्होल्टला ही मर्यादा साधारण ३९० ते ४४० येते. तक्रार करताना "दाब कमी आहे" एवढेच लिहू नये. तारीख, वेळ आणि तिन्ही फेजचे आकडे लिहावेत आणि पोच घ्यावी. दाद न लागल्यास वीज कायदा, २००३ अन्वये ग्राहकांसाठी तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत.

एक इशारा. एका फेजवर दाब कमी आणि दुसऱ्यावर २६०-२७० असा जादा दिसला, तर न्यूट्रल ढिला किंवा तुटलेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी मुख्य स्विच तत्काळ बंद करावा.

स्टॅबिलायझर हा इलाज की आडपडदा?

अनेक जण दाब पडला की स्टॅबिलायझर आणतात. तो शक्ती निर्माण करीत नाही. २३० व्होल्टने १० अँपिअर द्यायचे असतील आणि येणारा दाब २०० असेल, तर तो मागून साडेअकरा अँपिअर ओढतो. त्याची स्वतःची घट आणखी वेगळी. बारीक वायरीच्या टोकाला तो बसवला तर वायर अधिक तापते आणि दाब अधिक पडतो. म्हणून आधी वायर व जोड सुधारावेत आणि बाहेरचाच दाब कमी असेल तर मग स्टॅबिलायझरचा विचार करावा.

योग्य मापाचा कपॅसिटर मात्र मागाच्या शेडमध्ये उपयोगी पडतो. पॉवर फॅक्टर ०.७० वरून ०.९५ वर आला तर त्याच कामासाठी लाइनमधील प्रवाह सुमारे २६ टक्के कमी होतो आणि कपॅसिटरपर्यंतच्या वायरीतील घटही कमी होते. कपॅसिटर मोटरीसोबत चालू-बंद होईल अशी सोय ठेवावी.

धक्क्यावरची नौका

कोकणातील आपले अनेक बांधव नौकांच्या धंद्यात आहेत. पावसाळी मासेमारी बंदीत डागडुजीचे काम निघते. ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग, पंप, बॅटरी चार्जर या सर्वांसाठी जेटीवरून वायर ओढली जाते. मोठ्या नौकांवर तर धक्क्याच्या विजेवर फ्रीज आणि एअर कंडिशनरही चालतात. येथे कमी दाबाची सर्व कारणे एकत्र येतात : लांब वायर, एकाच बोर्डावर अनेक नौकांचा भार आणि खारी हवा.

हिशेब करू. जेटीच्या बोर्डावर २१५ व्होल्ट आहेत. तेथून ५० मीटरवर नौका आहे आणि वायर दीडची आहे. पंपाने सुरू होताना ३० अँपिअर घेतले, तर वायरीतच ३६ व्होल्ट पडतात आणि पंपाला १७९ मिळतात. २३० च्या पंपाचा जोर तेथे साठ टक्क्यांवर येतो. तीच वायर चारची असेल तर २०१ व्होल्ट मिळतात आणि जोर शहात्तर टक्के राहतो. पंप तोच, बोर्ड तोच. फरक फक्त वायरीचा.

नौकावाल्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. प्लगच्या पिना व सॉकेट दर काही दिवसांनी, वीज बंद करून तपासावेत. तांब्यावर हिरवा गंज आला किंवा प्लास्टिक काळवंडले तर तो भाग बदलावा. नौकेसाठी कलई केलेल्या तांब्याची वायर अधिक टिकते.

२. वायरीचे भेंडोळे पूर्ण उलगडावे. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही.

३. मोटरी एकदम सुरू करू नयेत. एक पूर्ण वेगात आली की दुसरी सुरू करावी. दाब कमी असताना फ्रीज व एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसर बंदच ठेवावा.

४. जनरेटर असेल तर तो आणि धक्क्याची वीज एकाच वेळी कधीही जोडू नये. मध्ये चेंजओव्हर स्विच हवाच, नाहीतर उलट्या विजेने जेटीवर काम करणाऱ्याचा जीव जाईल.

५. ओल्या डेकवर उघड्या हाताने काम होते, म्हणून ३० मिलीअँपिअरचे गळती संरक्षण आणि शाबूत अर्थिंग याबाबत तडजोड नको.

शेडवाल्यांसाठी अखेरची सूचना. ओव्हरलोड रिले सारखा पडतो म्हणून त्याचा काटा वाढवून ठेवण्याची सवय सर्वत्र आहे. रिले मोटरीच्या पाटीवरील अँपिअरलाच लावावा. तो पडतो तेव्हा मोटर तापल्याची खबर देत असतो. खबर देणाऱ्याचे तोंड बंद केले तर आजची पाळी निघते, पण पुढे मोटर जळते, माग बंद पडतो आणि कारीगराची मजुरी बुडते. स्टार्टरच्या पेटीत एक लहान वही ठेवावी आणि महिन्यातून एकदा, भर कामाच्या वेळी, वरील तीन आकडे तीत लिहावेत. तिसरा आकडा दर महिन्याला घसरू लागला की कुठला तरी जोड सैल होतो आहे असे समजावे, आणि मोटर जळण्याआधी तो शोधून काढावा.