नाडीचा ताल बिघडतो तेव्हा

"डॉक्टर, मध्येच छातीत धस्स होतं. हृदय थांबलंच की काय असं वाटतं." ही तक्रार दवाखान्यात वरचेवर ऐकू येते. बहुतेक वेळा घाबरण्यासारखे काही नसते. एखादा ठोका वेळेआधी पडतो, पुढच्याला किंचित उशीर होतो आणि तो जोरात पडतो, एवढेच. जागरण, तंबाखू, दिवसभराचा चहा ही त्याची नेहमीची कारणे.

खरी काळजी दुसऱ्याच प्रकाराची. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. ठोक्यांना कसलाच ताल राहत नाही. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. कप्प्यात साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटून मेंदूत गेली, की लकवा मारतो. वाढते वय, रक्तदाब, थायरॉईड, दारू आणि लहानपणी सांधे सुजवणाऱ्या रुमॅटिक तापाने खराब झालेली झडप ही यामागची कारणे. पुष्कळांना मात्र काहीच जाणवत नाही. गुडघेदुखीसाठी आलेल्या एका आजींची नाडी मी सहज धरली, तर ती पूर्ण बेताल! ईसीजीत निदान पक्के झाले, तरी आजींचे म्हणणे एकच : "मला काही होत नाही, मग गोळ्या कशाला?"

म्हणून घरोघरी नाडी पाहता यायला हवी. पाच मिनिटे स्वस्थ बसावे. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले, तर बेतालपणा निसटतो. साधारणपणे ६० ते १०० ठोके भरतात. ताल सतत वेडावाकडा लागला तर ईसीजी काढावा. धडधड येऊन-जाऊन असेल, तर ती चालू असतानाच काढावा; थांबल्यावर तो निर्दोष येतो आणि रोग लपून राहतो.

धडधडीबरोबर शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, धाप लागणे, किंवा बसल्या जागी नाडी १२० च्या वर जाऊन खाली न येणे, यात सकाळची वाट पाहू नये. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ जड झाली तर ताबडतोब १०८ ला फोन करून सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. लक्षणे आपोआप ओसरली तरी जावेच.

लकवा टाळण्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी दिली जाते. तिच्याऐवजी ॲस्पिरिन चालते हा समज चुकीचा आहे. वॉरफरिन चालू असेल तर रक्ताची तपासणी ठरल्या तारखेला करावी. दात काढायचा झाला तरी गोळी मनाने बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावे.