निजलेलें नेटवर्क कार्ड

एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली ठेवतां येतात, व संगणक चालूं करतांना हवी ती निवडतां येते. पण अशा संगणकाची एक तक्रार वारंवार ऐकूं येते. विंडोजमध्यें इंटरनेट सुरळीत चालतें आणि लिनक्समध्यें मुळींच लागत नाहीं! शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत उद्यां संपणार असली म्हणजे घरांत धांदल उडते. मग कोणी तरी ‘मदरबोर्डवरील नेटवर्क कार्ड जळलें, मदरबोर्डच बदला’ असा सल्ला देतो, आणि पालकांस हजारों रुपयांची तजवीज करावी लागते. वस्तुतः तें कार्ड बहुधा मेलेलें नसतें, निजलेलें असतें.

हें ओळखण्याची कसोटी संगणकांतच आहे. एका प्रणालींत इंटरनेट चालतें, त्या अर्थीं कार्ड, केबल व राउटर हीं तिन्ही धडधाकट आहेत. दोष व्यवस्थेंत आहे. अशा वेळीं पेटी उघडूं नये.

दोष घडतो कसा? बोरी अरबच्या एखाद्या शेतांत दोघां भावांची सामाईक विहीर आहे, असें समजा. थोरला आपली पाळी संपवून जातांना आडबाजूची एक झडप बंद करून जातो. धाकट्यास ती झडप ठाऊकच नाहीं. तो पंप चालूं करतो, पाणी येत नाहीं, आणि पंप बिघडला असें तो समजतो. विंडोज बंद होतांना वीज वांचविण्याकरितां कार्डास असेंच निजवून जातें, आणि लिनक्सच्या ड्रायव्हरास, विशेषतः तो जुना असल्यास, त्यास जागें करतां येत नाहीं. इ. स. 2012 मध्यें विंडोज 8 बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली, तिनें यांत भर घातली. तींत संगणक पुरता बंद होतच नाहीं. प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो. तैवानमधील रियलटेक कंपनीच्या चिपा पुष्कळ मदरबोर्डांवर असतात, व त्यांच्याबाबत हा अनुभव विशेष येतो.

उपाय सोपा आहे. संगणक बंद करून भिंतींतील प्लग काढावा, चालूं करण्याचें बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावें, आणि अर्धा मिनिट थांबून थेट लिनक्स सुरू करावें. कार्ड जागें झालें तर निदान ठरलें. मग विंडोजमध्यें जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावें. तेवढ्यानें न भागल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्यें कार्डाच्या ‘अॅडव्हान्स्ड’ या सदरांत ‘शटडाउन वेक ऑन लॅन’ हा पर्याय शोधून चालूं करावा. झडप उघडी ठेवून जाण्याची ही थोरल्यास दिलेली ताकीद होय.

एवढ्यानेंही न झाल्यास लिनक्समध्यें ‘एल्-एस्-पी-सी-आय्’ हीं पांच अक्षरें आज्ञा म्हणून द्यावीं. यादींत ‘ईथरनेट’ असें नांव दिसलें तर कार्ड जागेवर आहे, ड्रायव्हर तेवढा हवा. मोबाइल यूएसबी तारेनें जोडून त्याच्या इंटरनेटवरून तो आणतां येतो. (अर्जाची निकडही त्याच तारेनें भागते!) नांवच नसेल तर बायोसमध्यें ‘ऑनबोर्ड लॅन’ बंद तर नाहीं ना, हें पाहावें.

दोन्ही प्रणालींत कार्ड मुकें असेल, तर गोष्ट निराळी. केबलच्या खोबणीजवळील दिवा लागतो कीं नाहीं, तें पाहावें. केबल व राउटरची खोबण बदलून पाहावी. वळवाच्या पावसांत विजेचा लोट केबलवाटे शिरून कार्ड खरोखरच जळूं शकतें, म्हणून गडगडाट सुरू होण्यापूर्वींच केबल काढून ठेवणें बरें. पण जळलें तरी मदरबोर्ड बदलण्याचें कारण नाहीं. यूएसबीला जोडण्याचें लहानसें नेटवर्क कार्ड कांहीं शें रुपयांत मिळतें, आणि बहुधा लिनक्स त्यास आपण होऊन ओळखतें.