पंचमीची भरती

अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की कुलाबा किल्ला इतका हाताशी वाटतो, की माणूस घड्याळ बघायचं विसरतो. प्रस्तुत लेखकही विसरला. सोबत बायको आणि कॉलेजात जाणारा भाचा. सकाळी समुद्रात डुंबून झालं, पोहे झाले, चहा झाला आणि अकराच्या सुमारास मंडळी पायीच किल्ल्याकडे निघाली. पाणी जेमतेम घोट्याएवढं. एका घोडागाडीवाल्याने मागून हाक मारली, "साहेब, जाताय खरे, पण अर्ध्या तासात माघारी फिरा. आज पंचमी आहे." भाडं मिळवायची युक्ती, असं समजून लेखक हसला. पंचमीचा पाण्याशी काय संबंध, एवढं विचारायचंही त्याला सुचलं नाही.

किल्ला पाय अडकवणाराच आहे. शिवाजी महाराजांनी तो १६८० मध्ये बांधायला घेतला, संभाजी महाराजांच्या काळात काम पुरं झालं आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं बनला. आत गणपतीचं देऊळ आहे आणि चहूकडे खारं पाणी असून विहिरीला गोडं पाणी आहे. उत्तरेच्या तटाजवळ लोखंडी गाड्यांवर दोन विलायती तोफा आहेत, त्यांच्यावर १८४९ साल कोरलेलं. भाच्याने त्या तोफांचे इतक्या कोनांतून फोटो काढले, की दीड वाजला.

दरवाजाबाहेर येऊन बघतात तर वाट नाहीशी. ज्या वाळूत चपलांचे ठसे उमटवत ते आले होते, तिथे दोन्ही बाजूंनी पाणी येऊन मिळालं होतं आणि मधोमध हिरवट लाटा सरकत होत्या. गंमत अशी, की अशा वेळी पायांना पाणी जास्त असतं आणि होडीला कमी. थांबण्यावाचून इलाज नव्हता. पण भाचा तरणतलावात पोहणारा गडी. "मामा, मी पलीकडे जाऊन होडी आणतो," म्हणत तो उतरलाच. वीसेक पावलांवर शेवाळावरून पाय सटकला, खडकावरच्या कालवांच्या कडांनी नडगी सोलली आणि प्रवाहाने त्याला पार आडवं नेलं. गळ टाकून बसलेला एक म्हातारा कोळी जिवाच्या आकांताने ओरडला, "पोरा, मागं फिर! उभा राहा, पोहू नको!" पाणी छातीपर्यंतच होतं म्हणून तो उभा राहू शकला. बायको तासभर एक शब्द बोलली नाही. लेखकाला तेच जास्त लागलं.

होडीची वाट बघता बघता म्हाताऱ्याने पंचमीचा उलगडा केला. कोकणातला साधा हिशेब: तिथीची पाऊणपट करायची. पंचमीची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. त्याआधी साधारण सहा तास, म्हणजे साडेनऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. म्हणजे ही मंडळी अकरा वाजता निघाली तेव्हा पाणी उतरत नव्हतं, दीड तास चढत होतं. शिवाय भरती सारख्या चालीने येत नाही. पहिल्या तासात ती रेंगाळते. तिसऱ्या-चौथ्या तासात भराभर चढते आणि निम्मं पाणी त्या दोन तासांतच येतं. नेमके तेच दोन तास तोफांपाशी गेले होते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, ती फारसं कुणी सांगत नाही. भर दुपारी बारा वाजता ओहोटी हवी असेल, तर ती अष्टमीच्या आसपासच मिळते. पण ते दिवस भांगाचे. तेव्हा पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही, त्यामुळे वाट पुरती उघडी पडेलच असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे जातं, पण सकाळी पाच-सहाला आणि पुन्हा संध्याकाळी. उशिरा उठणाऱ्यांसाठी कुलाबा किल्ला नाही. पाऊणपटीचा हा हिशेब अर्थात ढोबळ. निघण्यापूर्वी भरतीचं वेळापत्रक बघावं आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावं. त्याला भाडं हवं असलं, तरी तो खरंच सांगत असतो.

पोहणाऱ्यांनी तर आधी विचारावं आणि मग कपडे काढावेत. अलिबागच्या दक्षिणेला काशीद, मुरूड हे किनारे दिसायला देखणे, पण १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. लाटांनी आणलेलं पाणी कुठल्या तरी अरुंद पट्ट्यातून परत आत जातं. तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून तोच पट्टा शांत वाटतो आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडल्यावर किनाऱ्याच्या दिशेने हात मारत राहिलं की दम संपतो. तरंगत राहावं, किनाऱ्याला समांतर सरकावं, ओढ सुटली की मग वळावं. ओहोटी लागल्यावर कमरेपुढे जाऊ नये. आणि गाडी वाळूत नेणाऱ्यांना काय सांगावं? तिला तर पोहताही येत नाही.

पुढच्या खेपेला कॅलेंडर बायकोने बघितलं. तृतीया, सव्वादोनला भरती. सकाळी आठला मंडळी किनाऱ्यावर हजर. किल्ल्यापर्यंत वाट उघडी, मधल्या खड्ड्यांत खेकडे पळत होते. भाच्याच्या पायात जाड तळव्याचे बूट. घोडागाडीवाला तोच होता. त्याने ओळखलं नाही. लेखकाने मुकाट गाडी ठरवली आणि परत कधी निघायचं, तेही त्यालाच विचारलं.