पुन्हा एकदा फुगडी



आपल्याकडच्या मंगळागौरीत एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. पूजा, आरती, फराळ होईपर्यंत सगळ्या जणी एकत्र असतात. खेळ सुरू झाले की दिवाणखान्याचे दोन भाग पडतात. मध्यभागी पंचविशी-तिशीच्या सात-आठ जणी आणि भिंतीलगतच्या खुर्च्यांवर आपण उरलेल्या. कुणी पर्स सांभाळते, कुणी दुसरीचे बाळ मांडीवर घेते, कुणी फोनवर चित्रीकरण करते. कुणी हात धरून ओढू लागलेच तर उत्तर तयार असते, "आता आमचं वय राहिलं नाही गं!"

हे वाक्य मी जवळजवळ वीस वर्षे म्हटले आणि ते खरे नव्हते. माझे दुसरे बाळंतपण १९९८ साली इथे ऑकलंडमध्ये झाले. त्यानंतर उडी मारली, जोरात हसले, साधी शिंक आली तरी लघवीचे थेंब गळत. फुगडीची तर धास्तीच होती. नेसायला काठपदराची साडी, भोवती वीस बायका, अशा वेळी काही झाले तर? त्यापेक्षा खुर्ची बरी. एका डॉक्टरांना एकदा धीर करून विचारले, तेव्हा "मुलं झाल्यावर असं होतंच" एवढेच उत्तर मिळाले. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. घरात नवऱ्यालाही सांगितले नव्हते.

हे इतके उघड लिहावे की नाही, याचा बराच विचार केला. पण आपल्या मंडळात हळूहळू विषय काढला तेव्हा खुर्चीवरच्या अर्ध्याअधिक जणींची कारणे अशीच निघाली. कुणाचे माझ्यासारखेच, कुणाचे गुडघे, एकीला चक्कर येण्याची भीती, एकीला सुनेसमोर कसे दिसेल याची काळजी. वय हे कारण नव्हतेच. ते झाकण होते.

लहानपणी मी सांगलीत वाढले. आमच्याकडे हादगा असे. हस्त नक्षत्र लागले की पाटावर हत्तीचे चित्र, भोवती फेर, पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे सोळाव्या दिवशी सोळा. मग खिरापत ओळखायची. त्या वयात कुणी आम्हांला "आनंदी राहा" असे सांगितल्याचे आठवत नाही. आपण आनंदात आहोत हेही कळत नव्हते. हल्ली मात्र या विषयावर शिबिरे निघाली आहेत. शनिवार-रविवारची ती शिबिरे, त्यांतले सुगंधी तेल आणि घंटानाद, आणि त्यांची फी! मी एका शिबिराला गेले होते. वाईट नव्हते. पण डोळे मिटून "तुमच्यातली लहान मुलगी शोधा" म्हटल्यावर मला फक्त दुपारच्या जेवणाचा विचार आला.

मला वाट दाखवली ती आमच्या नातीने. इथे घरोघरी मागच्या अंगणात ट्रॅम्पोलिन असते, तसे तिच्याकडेही आहे. (कडेला स्प्रिंग नसलेले सुरक्षित ट्रॅम्पोलिन कँटरबरी विद्यापीठातल्या कीथ अलेक्झांडर या इंजिनिअरने शोधले, म्हणजे त्या बाबतीत आपला हा छोटा देश जगाच्या पुढे आहे.) नात पाच वर्षांची. "आजी, ये ना, एकदाच!" असे ती दर खेपेला म्हणायची आणि मी म्हणायची, "आजीचे पाय दुखतात." एके दिवशी तिने हाक मारायचेच सोडले. शेजारच्या मुलीला ती सांगत होती, आजी खेळत नाही. ते मला लागले. पुढच्याच आठवड्यात मी स्त्रियांच्या या तक्रारींवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली.

तिथे जे शिकले ते आईने किंवा शाळेने शिकवायला हवे होते. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि आतड्याचा शेवटचा भाग तिच्यावर विसावलेला असतो. गर्भारपण, बाळंतपण, सततचा खोकला, बद्धकोष्ठतेत कुंथणे यांनी ही झोळी सैल पडते आणि पाळी गेल्यावर शरीरातले इस्ट्रोजन कमी झाले की तिला आणखी ढिलाई येते. पण ते स्नायू आहेत. दंडाचे स्नायू कमावता येतात तसे तेही कमावता येतात. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ सालीच हे व्यायाम मांडले होते. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून उपाय ठाऊक होता आणि मी वीस वर्षे काळ्या रंगाच्या साड्या निवडत होते.

व्यायाम असा. बसून किंवा पडून, वायू आणि लघवी एकाच वेळी रोखून धरतो आहोत अशा रीतीने ते स्नायू आत आणि वर ओढायचे. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत. काही सेकंद धरायचे आणि मग पूर्ण सोडायचे. सोडणे हे धरण्याइतकेच महत्त्वाचे, हे मला दोन वेळा बजावून सांगितले. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. मी कुकरच्या शिट्ट्यांशी सांगड घातली. शिंक किंवा खोकला येतो आहे असे वाटले की आधी आवळून घ्यायचे. प्रत्यक्ष लघवी करताना मध्येच थांबवून सराव मात्र करू नये. गुण यायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत निराश होऊ नये. ज्यांना खाली काही उतरल्यासारखे वाटते, दुखते, किंवा लघवीत रक्त दिसते त्यांनी घरचे उपाय करत न बसता डॉक्टरांकडे जावे. पहिल्या डॉक्टरांनी उडवून लावले तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे. हे मी अनुभवाने सांगते.

चौथ्या महिन्यात मी ट्रॅम्पोलिनवर चढले. उड्या नव्हेत, नुसते हेलकावे. नात इतकी हसली की खाली बसली. (एका वेळी एकीनेच उड्या माराव्यात हा नियम पाळा. दोघींचे वजन वेगळे असले की हलकी व्यक्ती उडून पडते.)

आता फुगडीकडे येते. रॉजे कायवा नावाच्या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांवर पुस्तक लिहिले. त्याने खेळांचे चार प्रकार केले: स्पर्धेचे, नशिबाचे, सोंगाचे आणि भोवळीचे. गरगरण्याला त्याने स्वतंत्र जागा दिली, हे मला फार पटले. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. आपण फिरलो की तो फिरतो आणि आपण थांबलो तरी क्षणभर फिरतच राहतो, म्हणून खोली गरगरते. मूल हे मुद्दाम करते. मोठी बाई आयुष्यभर सगळे सावरून धरते: घर, नोकरी, सासर-माहेर, इथले आणि तिथले. फुगडीत दोन मिनिटे ते सुटते, आणि सुटूनही आपण पडत नाही, कारण समोरचीने हात धरलेले असतात. दोघींनी सारखेच मागे रेलायचे, पायांची बोटे जवळ, हात मनगटाशी घट्ट. एकीने अंग चोरले तर फुगडी होत नाही.

मात्र पन्नाशीनंतर एकदम घोड्यावर बसू नये. ज्यांना चक्कर येण्याचा विकार आहे, ज्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलत आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गिरकी घेऊ नये. झिम्म्याने सुरुवात करावी. टाळ्या, वाकणे, जागा बदलणे यांत दमही लागतो आणि लक्षही लागते. मग पिंगा, मग सूप नाचवणे, मग सावकाश चार फेऱ्यांची फुगडी. बसफुगडी गुडघ्यांना जड जाते, ती मी स्वतः सोडून दिली आहे.

आमच्या दहा जणींचा गट गेल्या वर्षभर दर गुरुवारी संध्याकाळी एका कम्युनिटी हॉलमध्ये जमतो. दोन नियम आहेत. पहिला, त्या तासात मुलांचे मार्क, घरांच्या किमती आणि कर्जाचे व्याजदर यांवर बोलायचे नाही. दुसरा, कार्यक्रम बसवायचा नाही. या दुसऱ्या नियमावरून वाद झाला. हल्ली मंगळागौरीचे खेळ म्हणजे एकसारख्या नऊवारी, नथ, ठेका आणि रंगमंच असे झाले आहे. मला त्याचे कौतुक आहे, मुलींना त्या निमित्ताने खेळ तरी कळतात. पण बघणारा समोर आला की पाऊल चुकण्याची भीती येते आणि भीती आली की खेळ संपला. आमच्यात एक वहिनी हमखास उलट्या दिशेला फिरतात. रंगमंचावर ही चूक ठरली असती. आमच्याकडे आता सगळ्याच जणी त्यांच्या वाट बघतात.

खिरापतीचेही असेच. स्वयंपाकघरात काय शिजते आहे हे आपल्याला कायम आधीच ठाऊक असते, कारण ते आपणच शिजवतो. कुणीतरी आपल्यासाठी डब्यात काहीतरी लपवून आणले आहे आणि ते आपल्याला ओळखता येत नाही, ही चैन शेवटची कधी मिळाली होती ते आठवून पाहा.

तब्येतीच्या हिशेबात बोलायचे तर, न्यूझीलंडच्या आरोग्य खात्याची प्रौढांसाठीची शिफारस आठवड्याला किमान अडीच तास मध्यम श्रमाची आहे. एक तास खेळ आणि रोजचे चालणे यांत ती सहज भागते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात, त्यामुळे पायांवर भार घेऊन केलेली हालचाल आणि तोल राखण्याचा सराव या वयात फार मोलाचा. माओरी आरोग्यविचारात मेसन ड्युरी यांनी १९८४ च्या सुमारास मांडलेले चार भिंतींच्या घराचे रूपक तुम्ही दवाखान्यातल्या भिंतीवर पाहिले असेल: शरीर, मन, कुटुंब आणि आत्मिक बाजू. एक भिंत खचली तर घर डगमगते. आपण बहुतेक जणी कुटुंबाच्या भिंतीलाच रंग देत बसतो.

आता पैशांचे. हॉलचे भाडे दहा जणींत वाटले की माणशी कॉफीइतकाही खर्च येत नाही. पाय मुरगळला तर १९७४ पासून या देशात असलेली एसीसीची योजना आहे. दोष कुणाचा हे न पाहता अपघाती इजेच्या उपचारांना ती मदत करते. फिजिओथेरपिस्टकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट जाता येते आणि तेच दावा नोंदवतात, वरची थोडी रक्कम आपल्याला भरावी लागते. इजेमुळे कामावर जाता आले नाही तर पहिल्या आठवड्यानंतर पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत भरपाई मिळू शकते. भारतातून भेटीला आलेल्या आई किंवा सासूबाईंनाही इथे झालेल्या इजेसाठी उपचारांची मदत मिळते, पण आजारपणाला नाही. म्हणून त्यांचा प्रवासविमा चुकवू नका. वयोमानाने झिजलेला गुडघाही एसीसीत बसत नाही.

तरुण मुलींसाठी आणि सुनांसाठी एक खास गोष्ट. १ ऑक्टोबर २०२२ पासून, त्या तारखेनंतरच्या बाळंतपणात आईला झालेल्या ठरावीक इजाही एसीसीत येतात. टाके पडणे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू फाटणे, अंग बाहेर येणे यांचा त्या यादीत समावेश आहे. माझ्या वेळी हे नव्हते. घरात नवे बाळ आले असेल तर डिंकाच्या लाडवांबरोबर हेही आईच्या कानावर घाला. बाकीच्यांनी कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर हेल्थलाइनच्या ०८०० ६११ ११६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास नर्सशी बोलता येते.

इथे श्रावण ऐन हिवाळ्यात येतो. सहाच्या आत अंधार, बाहेर पाऊस, म्हणून मंगळागौर हॉलमध्येच. पण हादगा सुरू होतो त्याच सुमारास इथली घड्याळे एक तास पुढे जातात आणि संध्याकाळ लांबते. तेव्हा आम्ही बागेतल्या हिरवळीवर फेर धरतो. मागच्या खेपेला कुत्रा फिरवायला आलेल्या दोन आजीबाई थांबून बघत होत्या, त्यांनाही आत घेतले. खिरापतीत काय आहे हे त्यांनी शेवटपर्यंत ओळखले नाही. वाटली डाळ होती.

येणाऱ्यांनी सैल सलवार-कमीज किंवा पँट घालून यावे. साडीचा आग्रह नाही. हॉलच्या लाकडी जमिनीवर मोजे घसरतात, तेव्हा पाय मोकळे ठेवा, आणि बांगड्या-अंगठ्या घरी काढून ठेवा. खुर्च्या आम्ही मांडत नाही.