आपल्याच सर्व्हरवर दप्तराचें कोठार : स्थापनेचे तीन मार्ग

शेतकऱ्याच्या दप्तरांत पूर्वीं सातबाराचे उतारे, खरेदीखतें व पावत्या एवढेंच असे. आतां त्यांत पीककर्जाचे कागद, विम्याच्या पावत्या, माती-परीक्षणाचे अहवाल व रोगट पिकांचीं छायाचित्रें यांची भर पडली आहे. आणि यांतील बराच भाग एकाच मोबाईलमध्यें सांठलेला असतो. तो मोबाईल विहिरींत पडला कीं दप्तर बुडालेंच म्हणावयाचें. परक्या कंपनीच्या क्लाउडवर तें ठेवावें, तर फुकट जागा भरतांच भाडें सुरू होतें. म्हणून हें कोठार आपल्याच सर्व्हरवर मांडावें काय, आणि मांडावयाचें तर कोणत्या रीतीनें, याचा विचार येथें करूं.

या कामासाठीं ‘नेक्स्टक्लाउड’ ही प्रणाली सोयीची आहे. सन २०१० मध्यें सुरू झालेल्या ‘ओनक्लाउड’पासून ती २०१६ सालीं वेगळी निघाली. तिचा परवाना मुक्त असल्यामुळें प्रणालीस मोल पडत नाहीं. मोल पडतें तें यंत्रास, विजेस व देखभालीस. यास्तव मार्ग निवडतांना ‘एका दिवसांत कोणता बसतो’ हें न पाहतां, ‘तिसऱ्या वर्षीं त्याची निगा कोण राखणार’ हें पाहावें.

१. सुटे भाग जुळवून बसविणें. — या मार्गांत लिनक्सवर अपाचीसारखा वेब सर्व्हर, पीएचपी आणि मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस हा डेटाबेस हीं तिन्ही अंगें आपण स्वतः बसवावयाचीं व त्यांवर नेक्स्टक्लाउडच्या फाइली मांडावयाच्या. प्रत्येक अंग आपल्या हातीं राहतें, हा यांतील लाभ. परंतु प्रत्येक अंगाची सुधारणाहि आपल्याच माथीं येते. शिवाय मुख्य आवृत्ति बदलतांना मधली पायरी गाळतां येत नाहीं. एकोणतिसावीवरून एकतिसावीवर जावयाचें तर तिसावी ओलांडावीच लागते. दोन-तीन वर्षें दुर्लक्ष झालें, तर एवढ्या पायऱ्या एकामागून एक चढाव्या लागतात, आणि वाटेंत पीएचपीचीहि आवृत्ति बदलावी लागण्याचा संभव असतो. लिनक्स जाणणारा मनुष्य घरचा किंवा मंडळाचा कायमचा असेल, तरच हा मार्ग धरावा.

२. स्नॅप. — उबंटू प्रणालीवर एका आज्ञेनें बसणारें हें गांठोडें होय. त्यांत वेब सर्व्हर, पीएचपी, डेटाबेस हीं सर्व अंगें एकत्र बांधलेलीं असतात व सुधारणा आपोआप होतात. घरच्या जाळ्यांतील पत्त्यावरहि तें चालतें, स्वतंत्र डोमेन-नांव अवश्य नसतें. सर्व सामग्री बाहेर काढून ठेवण्याची व परत भरण्याची आज्ञाहि त्यांत आहे. उणीव ही कीं, आंतील अंगें मनाप्रमाणें बदलतां येत नाहींत, आणि बाहेरची डिस्क जोडावयाची तर तिला निराळी परवानगी द्यावी लागते. एका कुटुंबास हा मार्ग पुरेसा आहे.

३. डॉकरवरील ‘ऑल-इन-वन’. — यांत एक मुख्य कंटेनर बाकीचे कंटेनर उभे करतो व त्यांची देखरेख ठेवतो. सुधारणा व ‘बोर्ग’ पद्धतीची बॅकअप-व्यवस्था एकाच पानावरून चालते. सुरक्षित जोडणीचें प्रमाणपत्रहि तें स्वतःच मिळवितें व मुदतीपूर्वीं नवें करतें. मात्र यास डोमेन-नांव लागतें व यंत्रहि दमदार असावें. चार गिगाबाइट रॅमहून कमी असलेल्या जुन्या यंत्रावर याच्या नादीं लागूं नये. दप्तराची जागा कोणत्या डिस्कवर ठेवावयाची तें स्थापनेपूर्वींच ठरवावें, कारण मागाहून ती बदलणें त्रासाचें होतें. अनेक सभासद असलेल्या मंडळास हा मार्ग श्रेयस्कर.

कोणताहि मार्ग निवडण्यापूर्वीं इंटरनेट पुरविणाराकडे एक चौकशी अवश्य करावी : आपल्या जोडणीस स्वतंत्र सार्वजनिक पत्ता आहे काय? पुष्कळ ठिकाणीं, विशेषतः मोबाईल-जोडणीवर, एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वांटलेला असतो. अशा वेळीं बाहेरगांवाहून घरच्या सर्व्हरपर्यंत सरळ पोंचतां येत नाहीं. त्यावर उपाय तीन : पुरविणाराकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा, वायरगार्डसारख्या खाजगी बोगद्यानें जावें, परंतु त्यासहि पोंचण्याजोगें एक टोंक कोठें तरी लागतेंच, अथवा सर्व्हरच भाड्यानें घ्यावा. ही चौकशी न करतां यंत्र विकत घेणें म्हणजे पाणी पाहिल्यावांचून विहीर खणणें होय. वीज वारंवार जात असेल तेथें सर्व्हरास बॅटरीचा आधार द्यावा. लिहितां लिहितां यंत्र बंद पडल्यास डेटाबेस बिघडूं शकतो.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोबाईल व सर्व्हर यांचा मेळ राखणें निराळें आणि बॅकअप निराळी. मेळांतील फाइल मोबाईलवरून पुसली गेली, तर ती सर्व्हरवरूनहि जाते. ती कांहीं काळ टोपलींत राहते, साधारणतः तीस दिवस; जागा अपुरी पडल्यास त्याहूनहि लवकर नाहींशी होते. कर्जाचा कागद हरवल्याचें तर बहुधा पुढच्या हंगामांतच ध्यानांत येतें. म्हणून फाइली, डेटाबेस व मांडणीची कॉन्फिग फाइल या तिहींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. ती डिस्क शक्य तर दुसऱ्या घरीं असावी.

आणि वर्षांतून एकदां, हंगामाच्या मोकळ्या दिवसांत, त्या प्रतीवरून सर्व दप्तर दुसऱ्या यंत्रावर उभें करून पाहावें. बियाण्याची उगवण जशी पेरणीपूर्वीं तपासावयाची, तशीच ही परीक्षा होय. ज्या मार्गानें ही परीक्षा घरच्या माणसाकडून, दुसऱ्याची वाट न पाहतां, पार पडते, तोच मार्ग आपला समजावा. तसा एकहि मार्ग न सांपडल्यास परक्या कोठाराचें भाडें भरणें अधिक शहाणपणाचें. त्यांत कमीपणा नाहीं.