पोहण्याचा टब घरी आणताय? आधी हे वाचा

मे महिन्याची सुट्टी लागली की आंबिवलीतील मुलांना पाण्याची ओढ लागते. काळू आणि उल्हास या दोन्ही नद्या जवळच, त्यामुळे आईवडिलांच्या जिवाला घोर. परवा एक गृहस्थ दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरं नदीवर जाण्यापेक्षा गच्चीवर पोहण्याचा टब बसवतो. कोणता घेऊ?" मी म्हटले, "कोणता ते नंतर बघू. आधी गच्चीचा विचार सोडा." त्यांना नवल वाटले. हाच प्रश्न आणखी काहींच्या मनात असेल, म्हणून आजचा हा लेख.

जागा : एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. १० फूट व्यासाच्या टबात २ फूट पाणी भरले, तर ते होते सुमारे साडेचार हजार लिटर, म्हणजेच साडेचार टन. वापरातील गच्चीसाठी दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरावा, असे भारतीय मानक सांगते. २ फूट पाण्याचा भार ६०० किलोंच्या वर जातो. म्हणून असा टब जमिनीवरच बसवावा. जमीन सपाट हवी. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने पातळी तपासून घ्यावी, कारण कललेला टब एका बाजूला दाब येऊन कोसळतो. खडे वेचून खाली ताडपत्री अंथरावी.

प्रकार : हवा भरलेल्या कड्याचा टब स्वस्त पडतो, पण त्याच्या काठावर रेलले की काठ दबतो आणि लहान मूल तोंडावर आत पडू शकते. लोखंडी नळ्यांच्या सांगाड्याचा टब अधिक भरवशाचा. पाणी गाळणारा पंप असेल तर त्याला अर्थिंग आणि ई.एल.सी.बी. हवाच. ओल्या जागी वायरचा जोडबोर्ड ठेवू नये.

पाणी : शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्या हिशेबाने साडेचार हजार लिटर म्हणजे चौघांच्या कुटुंबाचे आठ दिवसांचे पाणी. ते रोज बदलणे कोणालाच परवडणार नाही. आणि न बदललेल्या पाण्यातून जुलाब, कानदुखी, त्वचेचे विकार होतात. म्हणून मोठ्या टबाला गाळणी पंप आणि क्लोरीन दोन्ही हवे. पाण्यात लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन असावे. सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी टीसीएल पावडर ३० ग्रॅम घेतली, तर एवढ्या पाण्यात लिटरला साधारण २ मिलिग्रॅम मिळते. ती संध्याकाळी मुले बाहेर आल्यावर बादलीत कालवावी, गाळ बसू द्यावा आणि वरची निवळीच टबात ओतावी. उन्हाने क्लोरीन उडते, म्हणून रोज पाण्यात उतरण्यापूर्वी तपासणीच्या पट्टीने खात्री करावी. ही पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. विषारी वायू तयार होतो.

डास : डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. टब वापरायचा नसेल तर रिकामा करून, पुसून, घडी घालून ठेवावा. पाऊस सुरू झाला की तो माळ्यावर गेलाच पाहिजे.

देखरेख : मूल बुडताना ओरडत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते मुकाट्याने पाण्याखाली जाते, आणि तान्ह्या मुलाला त्यासाठी वीतभर पाणीही पुरते. म्हणून एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर बसलेले हवे. हातात मोबाईल नको. नंतर शिडी काढून ठेवावी. दुर्दैवाने मूल बुडालेच तर त्याला उलटे टांगू नये, पोट दाबू नये. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, लगेच छाती दाबायला सुरुवात करावी आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा.

शेवटी एक गोष्ट. टबात डुंबणे म्हणजे पोहणे नव्हे. टबात रमलेल्या मुलाला आपल्याला पोहता येते असे वाटू लागते आणि मग तेच नदीत उतरते. मुलांना पोहणे शिकवायचे ते प्रशिक्षकाच्या हाताखाली, तलावातच.

त्या गृहस्थांनी अखेर अंगणात ४ फुटी, वीतभर पाण्याचा टब घेतला. तो फक्त रविवारी भरतात. संध्याकाळी ते अडीचशे लिटर पाणी झाडांना आणि अंगण धुवायला जाते. मी त्यांना एवढेच विचारले, "टबाशेजारी बसणार कोण?" ते म्हणाले, "मी स्वतः." टब घेण्यापूर्वी हे उत्तर प्रत्येक घरात तयार असावे.