औषधाला न जुमानणारी दगडी : यीस्टजन्य कासदाह

सातारा व सांगली या जिल्ह्यांत कृष्णा, कोयना व वारणा या नद्यांच्या काठी अनेक लहान शेतकरी कुटुंबांचा दैनंदिन खर्च दुधावर भागतो. भिलवडी येथे चितळे यांनी दुग्धव्यवसायास प्रारंभ केला तो १९३९ साली. ज्या घरी एक किंवा दोनच दुभती जनावरे आहेत, तेथे गाईचे एक सड निकामी होणे ही मोठीच हानी होय. दगडीचा, म्हणजेच कासदाहाचा, असा एक प्रकार आहे की ज्यात घाईने केलेला उपचारच रोग वाढवितो. त्याची माहिती प्रत्येक पशुपालकास असणे आवश्यक आहे.

रोगाचे कारण

दगडी बहुतांशी जिवाणूंमुळे होते व त्यावर पेनिसिलीनसारखी प्रतिजैविके गुणकारी ठरतात. परंतु काही वेळा कासेत यीस्ट शिरते. यीस्ट ही एक प्रकारची सूक्ष्म बुरशी होय. नीरा फसफसून तिची ताडी होते ती यीस्टमुळेच. कासेत रोग करणारे यीस्ट मात्र निराळ्या जातीचे, बहुधा कॅन्डिडा या वर्गातील असते. माती, शेण, ओला गोठा व जनावराची कातडी या ठिकाणी ते आढळते.

पेनिसिलीन जिवाणूस आपल्या पेशीभोवतीची भिंत बांधू देत नाही, त्यामुळे जिवाणू मरतो. यीस्टची भिंत वेगळ्या द्रव्याची असल्याने तिच्यावर या औषधाचा काहीच परिणाम होत नाही. उलट जिवाणू मेल्यामुळे यीस्टला रान मोकळे मिळते.

यीस्ट आत कसे शिरते

कास थोडी सुजलेली दिसताच घरीच सडात औषधाची नळी सोडण्याची प्रथा अनेक गोठ्यांत पडली आहे. सड न पुसता नळी घातली, एकच नळी दोन जनावरांना वापरली किंवा उघड्या बाटलीतील औषध पिचकारीने सोडले, की सडाच्या तोंडावरील यीस्ट थेट कासेत ढकलले जाते. पहिल्या नळीने गुण आला नाही म्हणून दुसरी, दुसरीने नाही म्हणून तिसरी, असा क्रम चालू राहतो. पैसा खर्च होतो, दूध आटते व सूज वाढतच जाते.

रोगाची ओळख

कास सुजते व कठीण लागते. दूध पातळ होऊन त्यात गुठळ्या येतात. ताप बराच चढला तरी जनावर पुष्कळदा वैरण खात असते. तथापि केवळ डोळ्यांनी पाहून हा रोग निश्चित ओळखता येत नाही. प्रतिजैविक देऊनही दोन-तीन दिवसांत सुधारणा दिसली नाही, तर यीस्टचा संशय घ्यावा व दुधाची तपासणी करून घ्यावी.

नमुना घेताना हात व सड स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. सडाचे टोक स्पिरिटच्या कापसाने पुसावे, पहिल्या धारा वेगळ्या काढाव्यात व पुढील दूध निर्जंतुक बाटलीत धरावे. बाटली बर्फात ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत त्वरित प्रयोगशाळेकडे पाठवावी.

उपचार

१. यीस्ट आढळल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रतिजैविके बंद करावीत.
२. रोगी सडाचे दूध दर तीन-चार तासांनी पूर्ण पिळून काढावे. दुधाबरोबर यीस्टही बाहेर पडते. हाच मुख्य उपाय होय.
३. ताप व वेदना यांवरील औषधे पशुवैद्यकाकडूनच घ्यावीत. बुरशीनाशक औषध द्यावयाचे की नाही, हेही त्यांनीच ठरवावे.
४. काढलेले दूध विकू नये, वासरास पाजू नये, गोठ्यात सांडू नये. दूर खड्ड्यात पुरावे.

अशा रीतीने काळजी घेतल्यास बरीच जनावरे काही आठवड्यांत बरी होतात. काहींचे सड मात्र कायमचे निकामी होते, म्हणून विलंब करू नये.

प्रतिबंध

गोठा कोरडा ठेवावा. निरोगी जनावरांची धार आधी व रोगी जनावराची शेवटी काढावी. धार काढल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. धारेनंतर सडाचे तोंड काही काळ उघडे राहते, म्हणून जनावरापुढे ताजी वैरण टाकावी, म्हणजे ते उभे राहील. सडात नळी घालणे पशुवैद्यकाने सांगितले असेल तरच करावे. प्रत्येक सडास नवी नळी वापरावी, सड आधी स्पिरिटने पुसावा व नळीचे केवळ टोकच आत घालावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दगडीची वार्ता कानी येताच प्रथम एकच प्रश्न विचारावा : आतापर्यंत किती नळ्या सोडल्या? उत्तर दोनपेक्षा अधिक आले, तर तिसऱ्या-चौथ्या नळीचा आग्रह थांबवून दुधाचा नमुना घेण्याची व्यवस्था करावी. त्या एका प्रश्नाने एखाद्या कुटुंबाची गाय दुभती राहू शकेल.